अर्धं पेण ज्या पायांवर न्हालं

हौसाआत्या ज्या दिवशी कुणाच्या हातचं काही घेईल त्या दिवशी ती मरणार, हे पेणच्या त्या आळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणी तपासून पाहिलं नव्हतं, पण माहीत होतं. आणि सांगायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी.

मासळीवाली जनूबाय टोपली उतरवून पदरानं वारा घेत सांगायची, "अगो बाय, शपथ हाय तिची, देवाच्या पुढ्यात घातलेली! कुनाकडं पान्याचा घोट घेतलान, की खलास!" आणि 'खलास' म्हणताना कोलंबीचं डोकं मोडावं तसा हाताला झटका. निवृत्त मुख्याध्यापक मोरोपंत तीच गोष्ट शुद्धलेखन तपासून सांगायचे. चष्मा कपाळावर, बोट हवेत. "हे पाहा, मृत्यूचं वगैरे मला ठाऊक नाही. परंतु व्रत असावं. निश्चित काहीतरी व्रत असावं." पोरांची आवृत्ती सगळ्यात पुढची होती. एकदा म्हणे आत्यानं चुकून कुणाचा तरी लाडू खाल्ला, आणि तेव्हापासून तिचा डावा डोळा फडफडतो. पुरा लाडू खाल्ला असता तर गेलीच होती.

सगळं खोटं. शपथ नव्हती, व्रत नव्हतं, लाडू तर मुळीच नव्हता. डोळा फडफडायचा तो बाळांना ओव्याची धुरी देऊन देऊन.

खरं होतं ते एवढंच, की हौसाआत्या कुणाकडून काही घ्यायची नाही. चहा विचारला की म्हणायची, "माझं झालंय गो." सकाळी सातला गेली तरी झालेलं, भर दुपारी बाराला उन्हातून आली तरी झालेलं. त्यातला 'झा' जोरात, 'लंय' अर्धं गिळलेलं, आणि 'गो' उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत लांबवलेला. तो 'गो' ऐकला की समजायचं, आता हिला ब्रह्मदेव आला तरी कपभर चहा पाजू शकत नाही.

आत्याचं काम बाळांना न्हाऊ घालायचं. घरी बाळ आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हौसाआत्या दारात. न्हाणीत बुटक्या पाटावर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची, पाय समोर सरळ पसरायची आणि त्या दोन पायांच्या पन्हळीत बाळाला निजवायची. मग तेल, डाळीचं पीठ, आणि तांब्या तांब्या ऊन पाणी. आळीतल्या कुणालाही धरून विचारा, तो तिच्या पायांवर न्हालेला. मोरोपंतांची मुलगी सुनीती तिच्या पायांवर न्हाली. पंतांच्या मुलाची मुलगी अंतरा न्हाली, जी आता अकरावीत आहे आणि अख्ख्या आळीच्या नकला करते. आता या शिमग्याच्या आधी सुनीतीला मुलगा झाला, अद्वय, तोही तिथंच न्हाऊ लागला. सुनीतीचा नवरा हर्षद डोलवीला कंपनीत, आज पहिली शिफ्ट, उद्या तिसरी, म्हणून बाळंतपण माहेरी.

न्हाणीत नेलं की बाळ टाहो फोडतं. त्यावर आत्याचं एक ठरलेलं बोलणं होतं, प्रत्येक बाळाला तेच, वकील असो की वखारवाला, त्याच्या पोराला तेच.

"रड रे रड. तू काय केलंस न्हायाला? काय नाय केलंस. दूध प्यालास नि मुतलास. तरी पानी तापवलंच ना तुज्यासाठी? मग गप पडून ऱ्हा नि न्हाऊन घे."

आणि शेवटचा तांब्या ओतताना, "आलं पानी, गेलं पानी, चिमण्याची झाली न्हानी. देव तुजं भलं करो." बाळ तोवर गप्प झालेलं असायचं. कसं, ते कुणाला कळलं नाही.

हौसा मूळची निडीच्या बाजूची. आईबाप लवकर गेले, मामाकडं वाढली. मामी वाईट नव्हती, पण तिच्या घरात भाकरी ताटात पडायच्या आधी बोल पडायचा. "खा बाय खा, आमच्या पोरांच्या तोंडचं खा." त्या पोरीनं मग एक युक्ती काढली. आधी विहिरीचं पाणी भरायचं, अंगण सारवायचं, गुरांचं बघायचं, आणि मग ताटावर बसायचं, म्हणजे मामीचा बोल आला तरी घशात अडकत नाही. पुढं घाटावरून रेल्वेच्या बांधकामाला आलेला केरू गवंडी तिला भेटला, लग्न झालं, आणि केरू ख्रिस्ती होता म्हणून तीही त्याच्याबरोबर उपासनेला जाऊ लागली. नवऱ्याच्या मागं मागं गेली ती हळूहळू स्वतःच्या पायांनी जाऊ लागली. बाप्तिस्मा घेतला. मूलबाळ झालं नाही. केरू जाऊनही बरीच वर्षं झाली. युक्ती मात्र तशीच राहिली. आधी काम, मग घास.

पेणची ती ख्रिस्ती मंडळी लहानशी. पोह्याच्या गिरणीमागं एक लांबट खोली, तिथं रविवारी संध्याकाळी उपासना. मंडळीचे धर्मगुरू पाळक सुशील सकाळी रोह्याची उपासना उरकून आगगाडीनं पेणला यायचे. पाळकसाहेबांना व्यासपीठाची इतकी सवय, की खाली उतरल्यावरही आवाज वरच राहायचा. "प्रियजनहो, पंखा लावा." "प्रियजनहो, चपला नीट ठेवा." हौसाआत्या त्यांच्याआधी खोलीत हजर. झाडणार, चटया अंथरणार, माठ भरणार. पाळकसाहेब आले की दरवेळी एकच प्रश्न, "निडीला थांबली का हो गाडी?" जणू एखाद्या दिवशी ती न थांबता निघून जाईल.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा घ्यायच्या, रविवारी आत्या खोली दोनदा झाडायची. एकदा उपासनेच्या आधी, एकदा नंतर. भाकरीचा तुकडा घेतला होता ना, त्याची फेड.

पाळकसाहेब एकदा म्हणाले, "हौसाबाई, कृपा म्हणजे काय ते मी इतकी वर्षं सांगतोय. ती कमवायची नसते. ती मिळते. हात पुढं करायचा, बस."

आत्या केरसुणी आपटत म्हणाली, "पाळकसाहेब, देवाचं समदं पटतं मला. समुद्रावर चालला, पटतं. मेलेला उठवला, पटतं. ते फुकट तेवढं पटत नाय."

शिमगा झाला आणि आत्या पडली. आपल्याच दारात, धुण्याच्या दगडापाशी साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला. तोंडावर आपटू नये म्हणून दोन्ही हात पुढं केले, आणि दोन्ही मनगटं मोडली. डॉक्टरांनी बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत दोन पांढरे ओंडके करून दिले. दवाखान्यातून येताना ते ओंडके आळीला दाखवत ती म्हणाली, "शिमग्याचं एक सोंग ऱ्हायलं होतं, ते आलं बघा."

आळी हसली. पण दोन दिवसांत हसू गेलं. ज्या बाईनं अर्ध्या पेणला न्हाऊ घातलं, तिला आता स्वतःचं तोंड धुता येईना. लोटा दोन ओंडक्यांत धरून पाणी प्यायची, निम्मं अंगावर. भात खायचा तर ताटलीला तोंड लावून. केसांच्या जटा व्हायला आल्या. लुगडं अंगावर तेच ते. जनूबाय कालवण घेऊन गेली, शेजारणी फणी-तेल घेऊन गेल्या. आत्या कोपरानं आतून कडी सरकवायची आणि दाराआडून आवाज यायचा, "माझं झालंय गो."

सुनीती दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, दार उघड. मी घालते तुला अंघोळ."

"तू? तुज्या अंगावर मी पानी ओतलंय, चिमटीएवडी होतीस."

"म्हणूनच म्हणतेय."

"उलटी गंगा नको गो. जा, पोर रडत असंल."

पोर रडत होतंच. सुनीती कॉलेजात शिकवते, पन्नास पोरांचा वर्ग हूं का चूं न करता बसतो तिच्यापुढं, पण हातात ओलं बाळ आलं की त्याला कुठून धरायचं ते तिला कळायचं नाही. तेव्हा आत्या रोज सकाळी यायला लागली. जटा घेऊन, ओंडके घेऊन. ती घ्यायला येत नव्हती, द्यायला येत होती, म्हणून तिला चालत होतं. न्हाणीच्या दारात उभी राहून ओरडायची.

"पाय सरळ! पाय सरळ कर गो, पोर घसारतंय!"

"कंबर दुखते गं आत्या."

"दुखूं दे. मान धर. मान! मान हाय ती, दोडका नाय!"

"धरली ना!"

"कोपर बुडव आदी. हाताला कळत नाय पान्याचं, कोपराला कळतं."

अंतरा तेव्हा न्हाणीच्या पायरीवर दात घासत बसलेली असायची आणि संध्याकाळी ओट्यावर हे सगळं साग्रसंगीत करून दाखवायची. 'दोडका नाय' ला हमखास टाळ्या. मोरोपंत म्हणायचे, "अंतरा, वडीलधाऱ्यांची टिंगल शोभत नाही," आणि मग चष्मा कपाळावर सरकवून, "तो दोडक्याचा भाग पुन्हा एकदा कर बघू."

पण त्या दिवसांत आत्याच्या मनात काय चाललं होतं ते तिनं रविवारी पाळकसाहेबांना सांगितलं. उपासना संपल्यावर, चटया दुसरं कुणीतरी गोळा करत असताना.

"घाटावर मिशनचा आश्रम हाय ना, म्हाताऱ्यांचा? मला तिथं टाका."

पाळकसाहेबांचा आवाज व्यासपीठावरून खाली आला. "अहो, महिन्याभरात प्लास्टर निघेल."

"निघंल. पन दाक्तर म्हनला, पयल्यासारखी ताकद नाय यायची. ओलं पोर धरायची ताकद नाय, तर हिथं ऱ्हाऊन करू काय? लोकांचं फुकट खाऊ?"

"तिथं तरी लोकच करणार ना तुमचं?"

"त्यांचं ते कामच हाय. आन मी त्यांना वळखत नाय."

पाळकसाहेबांनी बरंच समजावलं. शेवटी आश्रमाला फोन केला. जागा होती. ईस्टरनंतरच्या सोमवारी तिकडची गाडी पनवेलपर्यंत येणार होती, ती पेणला येऊन आत्याला घेऊन जाणार असं ठरलं. आळीत बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. आत्या जाणार. पेणात उरलेली बाळं आता कुणाच्या पायांवर न्हाणार, ते देव जाणे.

सुनीतीनं ते ऐकलं. अद्वयला खांद्यावर थोपटत ती खिडकीशी उभी राहिली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी त्या मंडळीत पाय धुवायची रीत आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, गुरूनं चेल्यांचे, त्याची ही आठवण. पुरुषांचे पाय पाळकसाहेब धुणार, बायांचे हौसाआत्या. वर्षानुवर्षं तेच. आत्या घरून पाणी तापवून न्यायची, घंगाळ न्यायची, एकेकीपुढं गुडघे टेकायची आणि अशी धुवायची की लहान मुलीही गुदगुल्या विसरायच्या. तिचे पाय कुणी धुवायचे हा प्रश्नच कधी निघाला नाही, कारण शेवटची बाई उठायच्या आत आत्या घंगाळ उचलून बाहेर.

या वर्षी ती भिंतीला टेकून उभी होती, दोन ओंडके पोटाशी धरून. खोलीत भाजलेल्या भाताचा वास, मागं गिरणीची घरघर. पाळकसाहेबांनी पुरुषांचे पाय धुतले, मग बायांचेही त्यांनीच धुतले. शेवटी हात पुसून भिंतीकडं वळले. मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी.

"हौसाबाई, आज तुम्ही बसा."

"माझं झालंय."

दोघंचौघं हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "त्या रात्री एक शिष्यही असंच म्हणाला होता. माझे पाय धुवायचे नाहीत म्हणाला."

"म्हाईत हाय मला. शाना मानूस होता तो."

आता सगळी खोली हसली. पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि घंगाळ उचलणार, तेवढ्यात दारात सुनीती.

डोक्याला, कानांवरून घट्ट स्कार्फ बांधलेला, बाळंतीण बांधते तसा. आदल्याच दिवशी सव्वा महिना झाला होता आणि आळीबाहेर पडलेलं हे तिचं पहिलं पाऊल. बाळ मोरोपंतांच्या मांडीवर टाकून आली होती. पंत म्हणाले होते, "तिथे? आज? बरं, जा. पण हे रडायला लागलं तर मी नेमकं काय करायचं आहे?" त्याचं उत्तर न देताच ती निघाली होती. मागं अंतरा, सुनीतीनं दारात काढलेल्या चपला हातात घेऊन.

सुनीती पाळकसाहेबांना हळूच म्हणाली, "मी तुमच्यातली नाही. मी धुतले तर चालतील का यांचे पाय?"

पाळकसाहेब 'प्रियजनहो' विसरले. नुसतं "या" म्हणाले.

आता मंडळीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की पाय धुणाऱ्यानं गुडघे टेकायचे, घंगाळ पुढं घ्यायचं, पाय त्यात सोडायचे. सुनीतीनं कुणाला विचारलं नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं, तांब्याखालचा बुटका पाट ओढला, खुर्चीसमोर ठेवला, त्यावर बसली. सलवार गुडघ्यांवर ओढली आणि दोन्ही पाय समोर सरळ पसरले. तिला न्हाऊ घालायची एकच रीत माहीत होती. गेले कितीतरी दिवस रोज सकाळी ओरडून ओरडून शिकवलेली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक बाई "गुडघ्यावर, गुडघ्यावर" असं खुणेनं सांगू लागली. पाळकसाहेबांनी हात वर करून तिला थांबवलं.

भिंतीपासून हौसाआत्या कडाडली, "अगो, काय करतेस? ऊठ! फरशीला बसलीस? कालशी सवा महिना झाला तुला, कंबर धरंल जल्माची! ऊठ!"

"तू बसलीस की उठते."

"सुनी, ऐक."

"पाय सरळ आहेत ना माझे? नीट बघ. मग बस."

आत्यानं पाळकसाहेबांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. बाळंतिणीची कंबर तिला दिसत होती, अगदी हाडापर्यंत. बसली ती त्या कंबरेसाठी बसली. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाली, "आटप लौकर. पोर रडत असंल घरी."

सुनीतीनं तिचा उजवा पाय उचलला, मग डावा, आणि दोन्ही टाचा आपल्या नडग्यांच्या पन्हळीत ठेवल्या. मग कोपर पाण्यात बुडवलं. थांबली. पाणी ठीक होतं. आणि तांब्या ओतला.

तेव्हा खोलीनं ते पाय पाहिले. टाचांना भेगा, कापणी झाल्यावर भाताचं शेत फाटतं तशा. पण लुगडं जरा वर सरकलं आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची कातडी दिसली. ती त्या बाईची वाटतच नव्हती. मऊ, सुरकुती नसलेली, दिव्याखाली चकाकणारी. इतक्या वर्षांचं तेल, इतक्या वर्षांचं डाळीचं पीठ, एकेका बाळाच्या पाठीवरून ओघळलेलं. प्रत्येक बाळ जाताना थोडं थोडं तिथं ठेवून गेलं होतं, आणि तिला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं. तिथं कायम कुणीतरी निजलेलं असायचं ना. दारातल्या अंतरानं हातातल्या चपला छातीशी धरल्या, आपण काय करतोय ते न कळता.

सुनीतीची बोटं भेगांवरून फिरली. आत्यानं पाय ओढला. "सोड गो. घाण हायत."

सुनीतीनं पाय सोडला नाही. वर बघून ती म्हणाली, आणि तिचा आवाज थेट हौसाआत्याचा, अंतरालाही कधी साधला नसता इतका:

"तू काय केलंस न्हायाला? काय नाय केलंस. गप पडून ऱ्हा नि न्हाऊन घे."

आत्याचं तोंड उघडलं. 'झा' येणार असं वाटलं. आला नाही. ओठ तसेच राहिले. तिचे खांदे, जे सगळ्यांनी कायम उचललेले पाहिले होते, ते हळूहळू खाली आले, घामेजलेल्या पोराला झोप लागताना येतात तसे. मग ती खुर्चीत मागं टेकली. पूर्ण टेकली. इतक्या वर्षांत तिला पाठ टेकून बसलेली कुणी पाहिली नव्हती. मांडीवर दोन पांढरी प्लास्टर, निजवलेल्या जुळ्यांसारखी. डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला हात नव्हते. नाकातूनही आलं. सुनीतीनं डोक्याचा स्कार्फ सोडला आणि त्याच्या टोकानं तिचं नाक पुसलं, बाळाचं पुसावं तसं, चिमटीत धरून. तेही आत्यानं पुसू दिलं.

गिरणी मागं घरघरत होती. ज्या गोष्टीबद्दल दर रविवारी ऐकलं होतं ती आता समोर बसली होती, ओल्या पायांची, लाल नाकाची, आणि तिच्याकडं धड बघवत नव्हतं, नजरही काढवत नव्हती.

शेवटचा तांब्या ओतताना सुनीती पुटपुटली, "आलं पानी, गेलं पानी." पुढचं आत्यानंच म्हटलं, डोळे मिटून, जेमतेम ऐकू येईल असं. "चिमणीची झाली न्हानी."

पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. 'हे प्रभू' म्हणाले, आणि एकदम 'आमेन' म्हणून बसले.

घरी जाताना गिरणीच्या कोपऱ्यावर आत्या थांबली. पुढं जाणाऱ्या सुनीतीला हाक मारली.

"सुनी."

"काय गं?"

"उद्या पानी जरा जास्त ताप. मलाबी लागंल."

सोमवारची गाडी आली नाही. पाळकसाहेबांनी आश्रमाला फोन करून कळवलं, की बाई येत नाहीत, त्यांची इथं सोय झाली आहे. त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी मोरोपंतांच्या न्हाणीत आधी अद्वय न्हाला, मग हौसाआत्या न्हाली. सुनीतीनं जटा सोडवल्या, त्याला अर्धी सकाळ आणि पाव वाटी तेल गेलं. नंतर ओट्यावर बसून आत्यानं सुनीतीच्या हातून बशीनं चहा प्याला. आळीतली पोरं कुंपणाला लोंबकळून वाट बघत होती. चहा संपला. दुसरी बशीही संपली. एक पोरगं न राहवून ओरडलं, "आत्या, तू मेली नायस?"

"मेले रे मेले," आत्या मिश्या पुसल्यासारखं ओठ ओंडक्याला पुसत म्हणाली. "तुमाला दिसलं नाय."

ईस्टरच्या रविवारी चटया दुसऱ्यांनी अंथरल्या होत्या, वाकड्या. आत्यानं त्या पाहिल्या. ओठ चावला. आणि गुमान वाकड्या चटईवर जाऊन बसली.

पुढं प्लास्टर निघालं. आतून निघालेले हात बारीक, पांढुरके, नव्या बाळासारखे. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, पूर्वीची ताकद काही आली नाही. आता बाळ आई धरते, पाणी आत्या ओतते, आणि चहा दोघी पितात.

एका दुपारी परसात अंतरा सगळ्यांना आत्याची नक्कल करून दाखवत होती. आत्या पुढ्यातच बसून बघत होती. 'पाय सरळ' झालं, 'दोडका नाय' झालं, 'निडीला थांबली का गाडी' झालं. आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "समदं जमतंय गो तुला. एक नाय जमायचं."

"कुठलं?"

"गुरवारी मी बसले ना खुर्चीत, तशी बसून दाव. पाय वडायचा नाय, हसायचं नाय, तोंडातनं शबुद काढायचा नाय. मी पाय धुनार."

"हात्तिच्या! त्यात काय आहे?"

"पैज?"

मोरोपंतांनी चष्मा वर सरकवला. "हौसाबाई, तुमच्यात पैज चालते?"

"नाय चालत," आत्या म्हणाली. "पन ही हरनारच हाय, तर ती पैज कसली? हरलीस तर म्हैनाभर अद्वयचे लंगोट धुवायचे, अंतरे."

अंतरा खुर्चीत बसली. मागं टेकली, खांदे सोडले, ओठ अर्धे उघडे ठेवले, डोळे मिटले. अगदी हुबेहूब. सुनीतीनं टाळीही वाजवली. आत्या पाटावर बसली, पाय पसरले, अंतराच्या टाचा आपल्या त्या मऊ नडग्यांवर घेतल्या. कोपर बुडवून पाणी पाहिलं. पहिला तांब्या ओतला. अंतरा दगडासारखी.

मग आत्याचे हात लागले. बारीक झालेले, थरथरणारे, तिच्या पायाच्या बोटांमधून एकेक करून फिरणारे. सत्तरीची बाई तिच्या पायांपाशी वाकलेली, केस पांढरे, भांगात तेल, आणि तोंडानं अगदी हळू, "तू काय केलंस न्हायाला?" काहीच केलं नव्हतं. आयुष्यभर हिच्या नकला केल्या होत्या. दुसरा तांब्या संपायच्या आत अंतरानं दोन्ही पाय ओढून पोटाशी घेतले आणि रडक्या आवाजात ओरडली, "सोड गो आत्या! नको ना!"

तो आवाजही हौसाआत्याचाच होता. पण या वेळी तो कुणी काढला नव्हता, आपोआप आला होता.

तेव्हा ती पैज हे लिहिणारी अंतरा हरली, आणि लंगोट अजून चालू आहेत. दोरीवर वाळत घालताना ती रोज कुंपणापलीकडं ओरडते, पुन्हा एकदा लाव पैज, या वेळी बसून दाखवते. आणि पलीकडून रोज तेच उत्तर येतं.

"कदीबी बस गो. पानी हायच."